पांढऱ्या पेशी १ लाख ८६ हजार, सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचा संशय. मिरजेतच थांबू, मुंबईला जाऊ की अजून काही?

सोनाका | २३ सप्टेंबर, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. मी एरवी द्राक्षाच्या आणि पावसाच्या धाग्यांवर असतो, काहीजण ओळखत असतील. वय ३६, तासगाव तालुका. अडीच एकर सुपर सोनाका, सगळा माल बेदाण्याला जातो. घरी आई, बायको, सात वर्षांची मुलगी.

पावसाळा लागल्यापासून जेवण जाईना. अर्धी भाकरी खाल्ली की पोट तट्ट. डाव्या बरगडीखाली काहीतरी ठेवल्यासारखं जड. रात्री बनियन भिजायचं. बेल्टाला नवीन भोक पाडलं तेव्हा बायकोनं हट्टानं रक्त तपासायला नेलं. लॅबवाल्यानं रिपोर्ट दिलाच नाही, फोन करून परत बोलावलं. म्हणाला, मशीन चुकल्यासारखं वाटतंय, पुन्हा रक्त देता का. दिलं. दुसऱ्यांदाही आकडा तोच.

रिपोर्ट जसाच्या तसा टाकतो: हिमोग्लोबिन ९.८. पांढऱ्या पेशी १,८६,०००. प्लेटलेट ६,२०,०००. बेसोफिल ६ टक्के, ब्लास्ट २ टक्के, मायलोसाइट आणि मेटामायलोसाइट वाढलेले. खाली शेरा, 'सीएमएलची शक्यता, बीसीआर-एबीएल तपासणी करावी'. सोनोग्राफीत पाणथरी (प्लीहा) १९ सेंटिमीटर.

मिरजेत रक्ताच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात लावून पाणथरी कुठपर्यंत आलीय ते पेनानं पोटावर आखलं, टेपनं मोजलं, लिहून घेतलं. बीसीआर-एबीएलला रक्त पाठवलं, कमरेच्या हाडातून मॅरोही काढला. म्हणाले, "बहुतेक गोळीवर राहणारा आजार आहे, घाबरू नका, रिपोर्ट येऊ दे." तोवर घ्यायला कॅप्सूल आणि युरिक ॲसिडची गोळी लिहून दिली.

घरात आता तीन पार्ट्या पडल्यात. मेव्हणा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो मिरजेत वेळ घालवू नका, थेट मुंबई गाठा आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून विषय मुळातनं संपवा, माझा सख्खा भाऊ आहेच. चुलते म्हणतात सीमेपलीकडं एक वैद्य आहेत, रक्ताच्या कॅन्सरवर सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं, औषध देतात. एकदा इंग्रजी औषध पोटात गेलं की त्यांचं लागू पडत नाही म्हणे, म्हणून कॅप्सूल मी अजून चालू केलेल्या नाहीत. तिसरी पार्टी आई. ती काही बोलत नाही, नुसती देवाजवळ बसते.

आता माझं. १० ऑक्टोबरची फळछाटणी धरलीय. ज्यांची बाग आहे त्यांना सांगायला नको, एकदा काडी छाटली की बागेला थांब म्हणता येत नाही. काडीला पेस्ट, घडांचं डिपिंग, आणि पाऊस झाला की दावण्या रोगासाठी दिवसाआड औषध. सोसायटीचं कर्ज आहे, दुकानदाराची उधारी आहे. छाटली आणि मीच आडवा झालो तर सगळं बुडालं. नाही छाटली तर वर्ष गेलं.

मी जगेन का हे विचारत नाही, ते कोणी सांगणारही नाही. छाटणी घ्यावी का, एवढं ठरवता येईल इतपत कोणी सांगितलं तरी पुरे. आणि दोन प्रश्न. पंधरा वर्षं ब्लोअरवर बसून औषधं मारतोय, त्यानं झालं का? मुलीला तपासायला हवं का?

---

काचपट्टी | २४ सप्टेंबर, सकाळी ६:१५

सोनाका, आधी एक काम करा. आज सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन लावून सांगा की कॅप्सूल चालू केलेल्या नाहीत. रक्त आणि मॅरो दोन्ही देऊन झालंय, त्यामुळे थांबण्यात काही हशील नाही. ती बहुधा हायड्रॉक्सीयुरियाची असावी, पेशींचा आकडा खाली आणायला देतात. सोबतची गोळी त्या पेशी मरताना युरिक ॲसिड वाढू नये म्हणून. भरपूर पाणी प्या.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रक्तरोगतज्ज्ञ नाही. उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील, मी काचेवर काय दिसतं ते सांगते. मोठ्या जंतुसंसर्गातही पांढऱ्या पेशी वाढतात, पण सहसा इतक्या वर जात नाहीत आणि त्यात बेसोफिल नावाच्या पेशी अशा वाढत नाहीत. मज्जेत पूर्ण वाढ झालेल्या पेशींनीच रक्तात उतरायचं असतं. तुमच्या काचेवर बालवाडीपासून दहावीपर्यंत सगळे वर्ग एकदम रस्त्यावर आलेत. त्यात एवढी पाणथरी. चित्र सीएमएलचं आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. तरी नाव लावायचं ते बीसीआर-एबीएलचा कागद हातात आल्यावरच, कारण असेच दिसणारे दोन-तीन आजार आहेत आणि त्यांना सीएमएलची गोळी लागू पडत नाही.

हे बीसीआर-एबीएल म्हणजे ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बनलेलं जनुक. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ती अदलाबदल आहे हे जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या जनुकातून तयार होणारं प्रथिन पेशींना वाढायचा हुकूम देत बसतं. इमॅटिनिबची गोळी नेमकी त्या प्रथिनात जाऊन अडकते आणि हुकूम बंद पाडते. अमेरिकेत तिला मे २००१ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीची माणसं आम्ही पाहिली आहेत. चार-पाच वर्षं बरी जायची आणि मग आजार उसळायचा. या गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतर ८३ टक्के माणसं हयात होती. 'रक्ताचा कॅन्सर' म्हटल्यावर गावात जे डोळ्यांपुढे येतं, ते बहुतेक वेळा तीव्र ल्युकेमियाचं असतं. तो निराळा.

मुलीला तपासू नका. हा बदल जन्मानंतर तुमच्या एकाच पेशीत झालेला आहे, वारशानं जात नाही. फवारणीचं म्हणाल तर सीएमएलशी पक्का जोडला गेलेला घटक एकच, मोठ्या प्रमाणातला किरणोत्सर्ग. हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांत तो दिसला. बाकी बहुतेकांत कारण सापडत नाही. मास्क आणि हातमोजे घालाच, पण ती निराळी गोष्ट.

ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, २ टक्के ही चांगली खूण. १० टक्क्यांच्या खाली असले आणि मॅरोतही तसंच निघालं तर आजार पहिल्या, म्हणजे क्रॉनिक टप्प्यात आहे असं धरतात.

आता छाटणी. छाटा, पण तुम्ही ब्लोअरवर बसायचं नाही. १९ सेंटिमीटरची पाणथरी बरगडीच्या आडोशाबाहेर आलेली असते. ट्रॅक्टरचे धक्के, क्रेट उचलणं, पोटाला बसलेला मार यांनी ती फाटू शकते. पोटात अचानक जोरात कळ आली, दम लागला, डोळ्यांपुढे धूसर झालं, बोलण्यात गोंधळ झाला, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि लाजून कोणी सांगत नाही म्हणून लिहिते, लिंगाला तासन्‌तास न उतरणारा दुखरा ताठरपणा आला तर तीही याच आजाराची तातडीची खूण आहे. बायकोलाही सांगून ठेवा.

---

फलटणचा_पक्या | २४ सप्टेंबर, सकाळी ८:०२

सोनाका भाऊ, वाचून पोटात गोळा आला. ब्लोअर चालवायला माणूस लागला तर हक्कानं सांगा, आमच्याकडं डाळिंबाचं काम आता कमी आहे. बाकी डॉक्टरांतलं मला कळत नाही.

---

वासंती_अकोला | २४ सप्टेंबर, दुपारी १:३०

सोनाकादादा, मला २००८ मध्ये हाच आजार निघाला. माझा आकडा तुमच्यापेक्षा मोठा होता. आत्ता भाजी फोडणीला टाकून लिहिते आहे, यावरून काय ते समजा.

मॅरो झालाय म्हणता, म्हणजे ती ओढ तुम्हाला कळलीच असेल. सुई जाताना नाही एवढं, ओढताना पायापर्यंत जी कळ जाते ती मला अजून आठवते. ते एक सोडलं तर पुढे सगळं रक्तावरच चालतं.

गोळीचं सांगते. ४०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटभर जेवणासोबत आणि मोठा तांब्याभर पाणी. उपाशीपोटी घेतली की मळमळून येतं. मी रात्रीच्या जेवणात मध्येच घेते, शेवटच्या घासांआधी. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज असते, फोटोत मी कायम रडून आल्यासारखी दिसते. पिंढऱ्यांत आणि हाताच्या बोटांत गोळे येतात. कणीक मळताना बोटं आकडतात, मग थांबायचं, चोळायचं. पहिल्या वर्षी जुलाबही झाले. रंग उजळला. जावा विचारायच्या कोणतं क्रीम लावतेस!

पैशाचं. मला सुरुवातीला मॅक्स फाउंडेशनच्या मार्फत मूळ कंपनीची गोळी फुकट मिळायची. तेव्हा तिचा महिन्याचा भाव लाखाच्या वर होता आणि आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. पुढे त्या पेटंटचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १ एप्रिल २०१३ ला कोर्टानं मूळ कंपनीचं, नोव्हार्टिसचं, म्हणणं फेटाळलं. त्या दिवशी आमच्या वॉर्डातल्या ओळखीच्या बायका एकमेकींना फोन करत होत्या. आता भारतीय कंपन्यांची गोळी तेव्हापेक्षाही स्वस्त मिळते. मी बदलली तेव्हा धाकधूक होती. पीसीआर (रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय ते मोजणारी टेस्ट) आधीसारखाच आला, तेव्हा झोप लागली.

गोळी मात्र चुकवायची नाही. बरं वाटायला लागलं की हात ढिला पडतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात २०१० मध्ये एक अभ्यास झाला, डॉक्टरांनी मला तो कागदच दाखवला होता. दहा टक्क्यांहून जास्त गोळ्या चुकवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार नीट दबलाच नाही. महिन्याला तीन गोळ्या म्हणजे काय हो, एक लग्न, एक जत्रा आणि एक मुक्काम. पाकीट खिशात ठेवा.

---

न्यूजर्सीकर | २४ सप्टेंबर, रात्री ९:४४

माझी बायको या आजाराची रुग्ण, म्हणून लिहितो. इथे तिला पहिल्यापासून डासाटिनिब दिलं, इमॅटिनिब नाही. दुसऱ्या पिढीची ही औषधं आजार लवकर आणि खोलवर दाबतात. आणि आजार खोलवर दबून दोन-तीन वर्षं तसाच राहिला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बंद करून बघता येते. तिची बंद आहे, सुरुवातीला दर महिन्याला तपासणी होती. साधारण निम्म्या लोकांचा आजार परत डोकं वर काढतो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत, पण गोळी पुन्हा सुरू केली की दबतो. सोनाका ३६ वर्षांचे आहेत. पुढची चाळीस वर्षं गोळी खायची की काही वर्षांत सुटका करून घ्यायची, हा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा. भारतात स्वस्त म्हणून इमॅटिनिब देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

काचपट्टी | २५ सप्टेंबर, सकाळी ६:४०

न्यूजर्सीकर, मत स्पष्ट आहे पण अर्धं आहे. लवकर आणि खोल दबतो हे खरं. मात्र पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांना इमॅटिनिबपेक्षा या औषधांनी जास्त आयुष्य मिळतं असं चाचण्यांत दिसलेलं नाही. इमॅटिनिबवर राहूनही पुढे गोळी बंद करणारे आहेत, त्यांना जरा जास्त वर्षं लागतात. शिवाय डासाटिनिबनं छातीत पाणी होतं, ते तुम्ही लिहिलं नाही. निलोटिनिब दिवसातून दोनदा उपाशीपोटी घ्यावं लागतं, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढवतं, हृदयाच्या आणि पायाच्या रक्तवाहिन्या खराब करू शकतं. पहाटे बागेत जाणाऱ्या माणसाला दोनदा उपाशी राहायचं वेळापत्रक किती दिवस जमेल, याचाही हिशोब धरावा लागतो.

ठरवायचं कशावर? सोनाका, डॉक्टरांनी पोटावर पेनानं आखून टेपनं मोजलं म्हणालात ना, ते त्यासाठीच. वय, पाणथरी बरगडीखाली किती आली, प्लेटलेट आणि ब्लास्ट या चारांवरून सोकल नावाचा गुणांक काढतात. औषध सुरू व्हायच्या आधीचेच आकडे त्यात चालतात. धोका कमी किंवा मध्यम निघाला तर इमॅटिनिबनं सुरुवात करणं अगदी रास्त आहे. जास्त निघाला तर न्यूजर्सीकरांचा मुद्दा जड होतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा सोकल किती?"

मेव्हण्यांना सांगा, २००० च्या आधी हा सल्ला बरोबर होता. तेव्हा मुळातून संपवायचा तोच एक मार्ग होता. आज पहिल्या टप्प्यातल्या माणसाला आधी ट्रान्सप्लांट करत नाहीत. त्या उपचारातच काहीजण दगावतात आणि भावाच्या पेशी तुमच्या शरीरावर उलटण्याचा त्रास वर्षानुवर्षं राहू शकतो. गोळ्यांना दाद न देणारा किंवा पुढच्या टप्प्यात गेलेला आजार असेल तेव्हा ते हत्यार काढतात.

---

न्यूजर्सीकर | २५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

छातीत पाणी झालं होतं, खरंय. त्यानंतरच तिचं औषध बदललं. सोकलचा मुद्दा मान्य.

---

सोनाका | २६ सप्टेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांना उत्तर द्यायला जमलं नाही, माफ करा. काचपट्टीताई, कॅप्सूल त्याच दिवशी चालू केल्या. डॉक्टर फोनवर चिडले नाहीत, पण आवाज बदलला. वासंतीताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती दोनदा वाच म्हणाली.

चुलते ऐकायला तयार नाहीत. आज त्यांनी मोबाईलवर बातमी दाखवली की मोठ्या दवाखान्यांतसुद्धा रक्ताच्या कॅन्सरला सोमल देतात. म्हणाले, "बघ, इंग्रजी डॉक्टर वैद्याचंच औषध चोरून वापरतात." चुलत्यांनी माझं शिक्षण केलंय, त्यांना तोडून बोलवत नाही. हे खरं आहे का, एवढं सांगा.

---

काचपट्टी | २७ सप्टेंबर, सकाळी ६:०५

बातमी खरी, आजार वेगळा. आर्सेनिक ट्रायऑक्साइड वापरतात ते तीव्र ल्युकेमियाच्या एपीएल नावाच्या एका प्रकारात, व्हिटॅमिन ए पासून बनलेल्या औषधाच्या जोडीनं, आणि त्यात ते खरंच गुण देतं. पण ते मोजून शिरेतून देतात, ईसीजी आणि रक्तातले क्षार तपासत राहतात, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सीएमएलवर ते देत नाहीत. पुडीतल्या सोमलाचं माप कोण मोजणार? इमॅटिनिबसोबत दुसरं काहीही घेतलं, भस्म असो, टीबीची रिफॅम्पिसिन असो की फिटची फेनिटॉइन, तर गोळीचा परिणाम कमी-जास्त होऊ शकतो किंवा यकृतावर भार येतो. म्हणून प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगून. ग्रेपफ्रूट नको, पपनस खायचं असेल तर आधी विचारा. तुमची द्राक्षं चालतात.

चुलत्यांना दवाखान्यात सोबत न्या. त्यांना बाहेर ठेवून घेतलेला निर्णय घरात टिकत नाही.

---

खंडाळा_घाट | २७ सप्टेंबर, सकाळी ११:१८

माझ्या साडूला हाच आजार. दीड वर्ष गोळी खाऊन रिपोर्ट छान आले, मग एका ठिकाणच्या काढ्यावर विश्वास बसला आणि गोळी बंद केली, कोणाला न सांगता. तपासणीही बंद. परत आले तेव्हा ब्लास्ट वाढलेले होते. न्यूजर्सीच्या वहिनींची गोळी बंद झाली ती दर महिन्याच्या तपासणीत, यांची झाली घरच्या घरी. जास्त लिहीत नाही.

---

परळ_खारघर | २७ सप्टेंबर, रात्री ८:५०

मी मुंबईत बाहेरगावच्या रुग्णांसोबत काम करते, त्यामुळे फक्त 'मुंबईला जाऊ का' एवढ्यावर.

सीएमएलसाठी मुंबईत राहायची गरज बहुतेकांना पडत नाही. गोळी घरीच घ्यायची असते. तुमच्याकडे मिरजेत रक्तविकाराचे डॉक्टर आहेत, ते ऐकून घेतात, फोन उचलतात. दर आठ-पंधरा दिवसांनी सीबीसी करायला ते जवळ असणं हे परळच्या टाटा रुग्णालयाच्या नावापेक्षा जास्त कामाचं आहे. मनाचं समाधान म्हणून दुसरं मत घ्या. टाटा मेमोरियलमध्ये सामान्य आणि खासगी अशा दोन प्रकारच्या फाइली निघतात, सामान्यमध्ये खर्च खूप कमी, गर्दी खूप जास्त. जाताना मॅरोच्या काचा आणि मूळ रिपोर्ट मागून घ्या, नुसत्या झेरॉक्सवर तपासण्या पुन्हा सांगतात. घरबसल्या मत हवं तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या डॉक्टरांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून मिळतं, मेव्हणे आयटीत आहेत, त्यांना हे काम द्या. त्यांचा जीव त्यात गुंतेल आणि उपयोगही होईल.

आलातच तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट पूर्ण भाड्याचं काढू नका. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीमध्ये भाडं माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पण जागा मिळेलच असं धरून चालू नका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे विचारा की तुमचं औषध त्यात बसतं का. औषध विकत घेऊन नंतर बिल देऊ म्हटलं तर चालत नाही, मंजुरी आधी लागते.

---

सोनाका | ४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

रिपोर्ट आला. बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह, प्रकार पी २१० लिहिलाय. मॅरोत ब्लास्ट ३ टक्के, क्रॉनिक फेज. सोकल मध्यम निघाला. विचारल्यावर डॉक्टर हसले, म्हणाले हे कुणी शिकवलं. कॅप्सूलनं पेशी ७० हजारांवर आल्यात, पोट जरा सैल वाटतं. काल एक अख्खी भाकरी गेली.

चुलत्यांना घेऊन गेलो होतो. त्यांनी डॉक्टरांना सोमलाचं विचारलंच. डॉक्टरांनी अर्धा तास बसवून ताईंनी लिहिलं तेच सांगितलं, वर म्हणाले, "आण्णा, तुमचा पुतण्या म्हातारा होईपर्यंत ही गोळी खाऊ शकतो, पण दोन्ही औषधं एकदम दिली तर कशानं काय झालं हे मला कळणार नाही." बाहेर आल्यावर आण्णांनी मेडिकलमधनं स्वतःच्या पैशानं महिन्याच्या गोळ्या घेतल्या. आरोग्यमित्राकडं कागद दिलेत, पुढच्या महिन्याचं तिथनं बघू. मेव्हणा ऑनलाइन मताच्या मागं लागलाय, मिरजेच्या डॉक्टरांनीच सगळे रिपोर्ट स्कॅन करून दिले.

इमॅटिनिब कालपासून चालू. रात्री भाकरी, पिठलं, गोळी, पुन्हा भाकरी, वर दोन तांबे पाणी. पहाटे थोडं मळमळलं, उलटी नाही.

दीड एकर छाटतोय, एक एकर सोडतोय. पक्या, तुझा फोन आला होता, पाव्हणं म्हणून ये, ब्लोअर तुझ्या हातात देतो. दावण्यावर किती औषधं लागतील ते आभाळावर आहे.

एकच विचारायचं राहिलं. तीन महिन्यांची पीसीआर टेस्ट जानेवारीत येतेय, तेव्हा मी पुण्यात मेव्हण्याकडं असेन. तिथल्या लॅबमध्ये दिली तर चालेल का? स्वस्त पण आहे म्हणतो.

---

काचपट्टी | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

नको. ही टेस्ट शक्यतो कायम एकाच लॅबमध्ये द्यायची आणि रिपोर्टवर 'इंटरनॅशनल स्केल' लिहिलेलं बघायचं. दोन लॅबच्या आकड्यांत फरक पडतो आणि मग आजार वाढला की लॅब बदलली, हे कोणालाच सांगता येत नाही. बीसीआर-एबीएल तीन महिन्यांना १० टक्के किंवा खाली, सहा महिन्यांना १ टक्का, वर्षाला ०.१ टक्का, असे टप्पे धरतात. पहिला टप्पा हुकला म्हणून लगेच औषध बदलत नाहीत. आधी गोळ्या चुकल्या का, सोबत काही घेताय का, हे विचारतात आणि टेस्ट पुन्हा करतात. पहिल्या दोन महिन्यांत पेशी आणि प्लेटलेट जास्तच खाली जाऊ शकतात, तेव्हा डॉक्टर गोळी थोडे दिवस थांबवतील. ती त्यांनी थांबवायची, तुम्ही नाही. अंग दुखलं तर मेडिकलमधून पेनकिलर आणू नका. दुसरं मूल हवं असेल तर तेही डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

पाणथरी किती उतरली ते डॉक्टर बघतीलच. ती बरगडीत परत जाईपर्यंत ब्लोअर पक्याकडेच राहू दे.

---

फलटणचा_पक्या | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

आठ तारखेला निघतो. ब्लोअरचे नोझल आधीच साफ करून ठेवा, मागच्या खेपेला पाव्हण्याकडं त्यातच दिवस गेला.

---

वासंती_अकोला | ५ ऑक्टोबर, दुपारी २:१०

पिठलं छान, पण पहिला महिना तिखट जरा कमीच घाला. आणि पीसीआरला उपाशी जावं लागत नाही, लॅबवाले सवयीनं सांगतात. जानेवारीत नाश्ता करून जा.